शेवटचं चार टक्के पाणी अन् उसाचं बिल : इथेनॉलचं खरं गणित काय?

कारखान्याची सभा असो की चावडीवरच्या गप्पा, इथेनॉलचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "इथेनॉल म्हणजे कारखान्याला सोन्याची खाण." मग सभासद विचारतो, सोनं निघतंय तर उसाचं बिल का अडकतंय? याचं अर्धं उत्तर दिल्लीच्या धोरणात आहे अन् अर्धं डिस्टिलरीच्या उंच टॉवरमध्ये. आज दोन्ही बघू.

पाणी निघता निघत नाही

मळी किंवा उसाचा रस यीस्ट घालून आंबवला की जो द्रव तयार होतो, त्याला वॉश म्हणतात. शंभर लिटर वॉशमध्ये अल्कोहोल असतं साधारण ८ ते १२ लिटर. बाकी बहुतेक पाणीच. तेल पाण्यावर तरंगतं, वरून काढून घेता येतं. अल्कोहोल मात्र पाण्यात पूर्ण विरघळतं. गाळून निघत नाही, निवळून निघत नाही.

म्हणून वाफेचा मार्ग. अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास उकळतं, पाणी १०० अंशांना. तापवलं की वाफेत अल्कोहोल जास्त येतं. ही वाफ टॉवरमध्ये पुन्हा पुन्हा थंड-गरम करत वर नेली की अल्कोहोलचं प्रमाण वाढत जातं.

पण वजनाने साधारण ९५.६ टक्क्यांवर गाडी अडते. तिथं वाफेतही तेच प्रमाण अन् द्रवातही तेच. कितीही टॉवर उभारा, कितीही बगॅस जाळा, साध्या उकळण्याने त्यापुढं जाता येत नाही.

पेट्रोलमध्ये मिसळायला मात्र ९९ टक्क्यांच्या वरचं अल्कोहोल लागतं. हे उरलेलं पाणी काढायला पूर्वी बेंझिनसारखी घातक रसायनं वापरायचे. आता 'मॉलिक्युलर सिव्ह', म्हणजे रेणूंची चाळण, वापरतात. या खड्यांची छिद्रं इतकी बारीक असतात, की पाण्याचा कण आत शिरतो अन् अल्कोहोलचा मोठा कण बाहेरच राहतो. खडे पाण्यानं भरले की ते सुकवावे लागतात. म्हणून दोन टाक्या असतात. एक चालते तेव्हा दुसरी सुकते.

या सगळ्याला वाफ लागते, वीज लागते अन् मोठं भांडवल लागतं. हे भांडवल बहुतेक कर्जाचं असतं. प्रकल्प बंद राहिला तरी हप्ता थांबत नाही.

धोरण डळमळलं की फटका कुणाला?

केंद्राने २०१८ मध्ये जैवइंधन धोरण आणलं. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य आधी २०३० चं होतं, ते २०२५-२६ वर आणलं अन् २०२५ मध्ये गाठलंही. त्या भरवशावर कारखान्यांनी प्रकल्प उभे केले. मग ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गाळपात, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला केंद्राने बंदी घातली. काही दिवसांत ती थोडी सैल झाली, पण पुरती मोकळीक मिळायला ऑगस्ट २०२४ उजाडला.

आता दर बघा. २०२२-२३ ला रसाच्या इथेनॉलला लिटरमागे ६५.६१ रुपये अन् बी-हेवी मळीच्या इथेनॉलला ६०.७३ रुपये ठरले. २०२४-२५ लाही तेच दर राहिले. मक्याच्या इथेनॉलला मात्र ७१.८६ रुपये. इकडं १०.२५ टक्के उताऱ्याची एफआरपी २०२२-२३ ला टनाला ३,०५० होती, ती २०२५-२६ ला ३,५५० झाली. शेतकऱ्याला हा भाव मिळायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण एका बाजूचा दर हलतो अन् दुसऱ्या बाजूचा जागेवरच राहतो, तेव्हा मधली ओढाताण शेवटी उसाच्या बिलावर येते.

कायदा मात्र स्पष्ट आहे. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. इथेनॉलचं कारण पुढं करून हे टाळता येत नाही.

वेगळं काढलेलं पाणी जातं कुठं?

एक लिटर अल्कोहोलमागे ८ ते १५ लिटर काळपट स्पेंटवॉश उरतो. तो ओढ्यात किंवा शेतात सोडायला परवानगी नाही. आटवून, जाळून किंवा प्रेसमडमध्ये मिसळून कंपोस्ट करून संपवायचा असतो. विहिरीचं पाणी तांबूस झालं, वास मारू लागलं, तर पाण्याचा नमुना घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं लेखी तक्रार करा.

पंपावरही लक्ष ठेवा

काढलेलं पाणी परत शिरलं तर सगळी मेहनत वाया. पंपाच्या जमिनीतल्या टाकीत पावसाचं पाणी झिरपलं, की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याला मिळतं अन् दोन्ही खाली बसतात. तेच गाडीत आलं तर गाडी बंद पडते. पावसाळ्यात शंका आली तर टाकीतलं पाणी तपासून दाखवायला सांगा.

सभेत हे विचारा

वार्षिक सभेत नुसतं "इथेनॉल किती लिटर?" विचारू नका. प्रकल्प वर्षात किती दिवस चालला, कर्जाचा हप्ता किती, लिटरमागे खर्च किती अन् स्पेंटवॉशचं काय केलं, हे चार प्रश्न विचारा. उत्तर अहवालात लेखी मागा. सोन्याची खाण आहे की कर्जाची, ते तिथंच कळेल.