तालुक्याची सरासरी आणि वस्तीची तहान

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यानंतर काही दिवसांतच इतर तालुक्यांतील एक हजाराहून अधिक महसूल मंडळांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' जाहीर करावी लागली. दरम्यान पाऊस काही बदलला नव्हता. बदलले होते मोजमापाचे एकक. पहिली यादी तालुक्यावर आधारलेली होती, दुसरी मंडळातील पावसावर.

हा केवळ तांत्रिक मुद्दा नाही. रोजगार हमीचे निकष शिथिल होणे, गरजेनुसार टँकर मिळणे, विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क माफ होणे हे सारे या यादीवर ठरते. जमीन महसुलातील सूट आणि कृषिपंपाच्या वीजबिलातील सवलत ज्याच्याकडे जमीन आहे त्यालाच मिळते. भूमिहीन मजुराच्या घराला उपयोग आहे तो पाणी, काम आणि शुल्कमाफीचा. म्हणून हे मोजमाप कसे होते, ते आपल्या तरुणांनी समजून घेतले पाहिजे.

केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनुसार आधी पावसाची तूट आणि खंड पाहतात. मग उपग्रहावरून पिकांची हिरवाई, जमिनीतील ओलावा, भूजल पातळी आणि पेरणीचे क्षेत्र यांचे गणित मांडतात. शेवटी निवडक १० टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी होते. जुन्या पैसेवारीत गावातील वजनदार माणसांच्या शब्दाला फार किंमत होती. त्या तुलनेत ही पद्धत पुढचे पाऊल आहे, आणि आम्ही विज्ञानाच्याच बाजूने आहोत.

पण गणित तेवढेच सांगते, जेवढे त्यात घातले जाते. मराठवाड्याखाली बेसॉल्ट खडक आहे. त्यात पाणी वाळूसारखे सगळीकडे मुरत नाही, भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते. त्यामुळे एका विहिरीला पाणी असते आणि शेजारची कोरडी पडते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. या नोंदी मोलाच्या आहेत, पण एका विहिरीची नोंद म्हणजे साऱ्या गावाचे पाणी नव्हे.

यातच सामाजिक वास्तव मिसळते. आपल्या अनेक वस्त्या गावकुसाबाहेर आहेत. स्वतःची विहीर थोड्यांकडेच, बाकीच्यांची भिस्त सार्वजनिक हातपंपावर. ऐपतदार शेतकरी आणखी खोल बोअर घेतो आणि उथळ हातपंप आधी आटतो. गावाची सरासरी ठीक दिसत असताना वस्तीतल्या बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात. पाऊस, हिरवाई, ओलावा, भूजल यांपैकी एकही निर्देशांक वस्तीनिहाय नसतो.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह त्या तळ्यापर्यंत चालत जावे लागले. पाणी ठरावात होते, ओंजळीत नव्हते. हवामान बदलाच्या काळात हीच दरी नकाशावर दिसते. पाण्याचा अंदाज जितका नेमका होईल, तितके हेही नेमके कळायला हवे की ते पाणी कोणाच्या वाट्याला येणार.

त्यासाठी काही कामे आत्ताच करता येतील. वस्तीतील हातपंप किती वेळ चालतो, केव्हा आटतो, टँकर कोणत्या दिवशी येतो, याची तारखेसह वही ठेवा. आपल्या पाणलोटातील निरीक्षण विहीर कुठे आहे ते विचारा. ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जात असेल तर पिण्याच्या पाण्याचा हिशेब वस्तीनिहाय मागा आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्या. पाहणीचे पथक गावात आले तर ही वही घेऊन समोर उभे राहा.

आपली तहान आकड्यांत नोंदली गेली नाही, तर उद्याचे कोणतेही मॉडेल ती दाखवणार नाही.