आवाज एकवर, मिजास दहावर

कोलकात्यातल्या पैसेवाल्या गिटारहौशींना सध्या जुन्या व्हॉल्व्हच्या कॉम्बो अ‍ॅम्पचं वेड लागलंय. दिवाणखान्यात व्हॉक्स एसी-30 मांडायचा, पाहुणे आले की चालू करायचा, ‘ट्यूबच्या’ म्हणजे व्हॉल्व्हच्या ‘उबे’वर प्रवचन झोडायचं आणि व्हॉल्यूम एकच्या पुढे न्यायचा नाही. कारण वरच्या मजल्यावरच्या काकीमा लगेच दार ठोठावतात.

मी म्हणतो, ती ऊब तुम्ही ऐकलेलीच नाही. एसी-30मधले चार ईएल-84 व्हॉल्व्ह ताणले गेले, आतलं व्होल्टेज किंचित बसलं, की सूर दाटतो. त्यासाठी अ‍ॅम्प जोरातच वाजावा लागतो. किंचाळणाऱ्या श्रोत्यांपुढे ‘शॅडोज’ या बँडला एसी-15 पुरेना, म्हणून तर हे 30 वॉटचं धूड जन्माला आलं. बरं, 15 वॉटचा घेतलात तरी सुटका नाही. वॉट निम्मे झाले की आवाज उतरतो फक्त 3 डेसिबलने.

हे अ‍ॅम्प भरलेल्या खोल्यांसाठी होते. इथल्या पार्क स्ट्रीटवर तशा खोल्या होत्या. ट्रिंकाज रेस्टॉरंटमध्ये उषा अय्यर, म्हणजे पुढच्या उषा उथुप, गायच्या. ब्लू फॉक्समध्ये लुई बँक्स आणि गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस वाजवायचे. पुढे करमणूक कराने त्या रात्रींचं कंबरडं मोडलं. बँक्स मुंबईला गेले. गिटारवादक कार्लटन किटो मात्र इथेच राहिले, 2016मध्ये निधन होईपर्यंत बेबॉप जॅझला धरून. तुमच्यापैकी कितीजण त्यांना ऐकायला गेलात?

त्यात ‘ओरिजिनल’चं सोवळं. इथल्या दमट हवेत ट्रान्सफॉर्मर कुजतो, जुने कपॅसिटर मरतात, आत 300हून जास्त व्होल्ट खेळत असतात. तरी अर्थिंग नसलेली दोन तारांची वायर बदलायची नाही, किंमत पडेल म्हणून! अ‍ॅम्पला लाखो रुपये मोजणारा हा रसिक चांदणी मार्केटातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीशी मात्र दोनशे रुपयांसाठी हुज्जत घालतो. रेडिओच्या जमान्यापासून व्हॉल्व्ह हाताळलेली ती बोटं उद्या नसतील, तेव्हा हे खोकं कोण जिवंत करणार?

एखाद्या कॉलेजच्या बँडला शनिवारी तो अ‍ॅम्प उसना द्या. ओरखडे पडतील, बिअर सांडेल, किंमत उतरेल. उतरू दे. तेवढी छाती नसेल, तर सरळ सागवानी कपाट घ्या. स्वस्त पडेल आणि त्यात कपडे तरी मावतील.