नाव नको, आकडा विचारा

राहू गावाच्या बागायती पट्ट्यातला शेतकरी खताच्या गोणीवर 10:26:26 वाचल्याशिवाय पैसे मोजत नाही. पंपावर मात्र ‘साधं की पॉवर?’ एवढ्या प्रश्नावर टाकी भरून घेतो. ‘पॉवर’, ‘स्पीड’, ‘प्रीमियम’ ऐकलं की गाडीला जादा ताकद मिळेल असं वाटतं. प्रत्यक्षात पाहायला हवा तो ऑक्टेनचा आकडा. दाबाखाली इंधन अवेळी आपोआप पेटून इंजिनात ठोके पडतात. ऑक्टेन जितका जास्त, तितकी ही भीती कमी. टर्बो किंवा जास्त दाबाच्या इंजिनाला म्हणूनच 95 लागू शकतो. 91 वर चालणाऱ्या साध्या मोटारसायकलला त्याचा फारसा उपयोग नाही. महाग पेट्रोलमध्ये इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायनं असतात, हा मुद्दा खरा. पण स्वच्छता वेगळी आणि ताकद वेगळी. त्यात आपल्याच उसापासूनही बनणारं इथेनॉल ई20 पेट्रोलमध्ये 20 टक्के असतं. त्यानं ऑक्टेन वाढतो, पण इथेनॉलची लिटरमागची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं घटतं. हे आकडे सामान्यांना झेपणार नाहीत, असं कुणी म्हणेल. गोणीवरचे तीन आकडे ज्याला कळतात, त्याला हे दोन सहज कळतील. अमेरिकेत पंपावर ऑक्टेनचा आकडा लावणं कायद्यानं बंधनकारक आहे. आपल्याकडेही प्रत्येक नळीवर ऑक्टेन आणि इथेनॉल मराठीत ठळक छापलं पाहिजे. तोवर गाडीचं माहितीपुस्तक उघडा आणि पंपावर नावाऐवजी आकडा विचारा.