विषाणूचा माग आणि वॉर्डातले मौन

दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहरात सेंट ऑगस्टीन्स नावाचे मोठे खासगी रुग्णालय आहे. मार्च आणि एप्रिल २०२० या दोन महिन्यांत तेथे ३९ रुग्ण आणि ८० कर्मचारी करोनाबाधित झाले. त्यांपैकी १५ रुग्ण दगावले. एप्रिलअखेर क्वाझुलू-नाताल प्रांतात जेवढ्या बाधितांची नोंद झाली होती, त्यातील सुमारे १४ टक्के या एकाच रुग्णालयाशी निगडित होते. साथ जगभर पसरत असताना विषाणू रुग्णालयात दहा वाटांनी शिरला असणार, असा तर्क कोणीही केला असता. व्यवस्थापनासाठीही तो सोयीचाच ठरला असता, कारण दहा वाटा असल्या की जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

क्वाझुलू-नाताल विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या नमुन्यांतील विषाणूचा जनुकक्रम वाचला तेव्हा चित्र वेगळे निघाले. हे विषाणू एकमेकांशी इतके मिळतेजुळते होते की, संसर्ग बहुधा एकदाच आणि एकाच वाटेने आत आला असावा. केसपेपर आणि खाटांच्या नोंदी ताडून पाहिल्यावर संशयाची सुई ९ मार्चच्या दिवसावर स्थिरावली. त्या दिवशी युरोपातून परतलेली एक व्यक्ती तपासणीसाठी आपत्कालीन विभागात आली आणि थोड्याच वेळात परतली. त्याच सुमारास पक्षाघाताच्या संशयाने आणलेली एक वृद्ध रुग्ण तेथे होती. तिला अतिदक्षता विभागात हलविण्यात आले आणि पुढे साखळी सुरू झाली. रुग्ण एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात जात राहिले, त्यांच्याबरोबर विषाणूही गेला. पुढे तो वृद्धाश्रमात आणि आवारातील डायलिसिस केंद्रातही पोहोचला. विशेष म्हणजे, करोना रुग्णांसाठी राखून ठेवलेल्या जागांपेक्षा सर्वसाधारण वॉर्डांत, जेथे कोणालाच संशय नव्हता, तेथे प्रसार अधिक झाला.

या तपासामागील तंत्र समजण्यास अवघड नाही. करोना विषाणूच्या जनुकीय आराखड्यात सुमारे तीस हजार अक्षरे असतात. विषाणू स्वतःच्या प्रती काढताना त्यात अधूनमधून चूक होते आणि ती पुढच्या प्रतींत उतरते. जुन्या पोथ्यांच्या नकला तपासून कोणती कोणावरून उतरविली हे अभ्यासक ठरवितात, तोच हा न्याय. मात्र करोनाच्या बाबतीत एक अडचण आहे. या चुका महिन्याला साधारण दोन एवढ्याच होतात आणि एकाकडून दुसऱ्याकडे संसर्ग जाण्यास चार-पाच दिवस पुरतात. म्हणजे एका वॉर्डातील पाच जणांचा विषाणू अक्षरशः एकसारखा निघाला, तरी कोणी कोणाला दिला हे त्यावरून सांगता येत नाही. उलट दोघांच्या विषाणूंत पाच-सहा फरक आढळले, तर त्यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. हे तंत्र आरोप सिद्ध करण्यापेक्षा आरोप खोडून काढण्यास अधिक उपयोगी आहे, आणि नेमकी हीच गोष्ट चर्चेत नेहमी निसटते.

या दोन्ही बाजू न्यायालयांनी पाहिलेल्या आहेत. स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरात हुआन मायेसो हा भूलतज्ज्ञ रुग्णांसाठी असलेले वेदनाशामक औषध आधी स्वतः टोचून घेत असे आणि त्याच्याकडील हिपॅटायटिस सी विषाणू त्या मार्गाने रुग्णांकडे जात असे. शास्त्रज्ञांनी ३२२ जणांचे विषाणू तपासले आणि २७५ जणांची लागण त्याच्याशी जोडली. उरलेल्या ४७ जणांचा विषाणू त्याच्याकडून आलेला नव्हता, हेही त्यांनी तितक्याच ठामपणे सांगितले. मायेसोला २००७ मध्ये १,९३३ वर्षांची शिक्षा झाली.

लिबियातील बेंगाझी येथील प्रकरण याच्या अगदी उलट होते. तेथील बालरुग्णालयात चारशेहून अधिक मुलांना एचआयव्हीची लागण झाली आणि त्यासाठी पाच बल्गेरियन परिचारिका व एका पॅलेस्टिनी डॉक्टरला १९९९ मध्ये अटक झाली. त्यांनी हेतुपुरस्सर विषाणू टोचला, असा आरोप होता. मुलांच्या विषाणूंचा अभ्यास डिसेंबर २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हा विषाणू आरोपी मार्च १९९८ मध्ये लिबियात येण्यापूर्वीपासूनच त्या परिसरात फिरत असल्याचे दिसून आले. बोट आरोपींकडे नव्हे, तर रुग्णालयातील संसर्ग नियंत्रणाच्या दुरवस्थेकडे जात होते. तरीही त्याच महिन्यात न्यायालयाने त्यांना पुन्हा फाशी सुनावली. सुटका झाली ती जुलै २००७ मध्ये, मुत्सद्देगिरीच्या मार्गाने. या अभ्यासाचे एक प्रमुख लेखक तुलिओ द ऑलिव्हेरा हेच पुढे डर्बनच्या तपासातही होते. विज्ञानाने निर्दोष ठरविले म्हणून व्यवस्था निर्दोष मानतेच असे नाही, हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

ब्रिटनने करोनाकाळात या तंत्राला रोजच्या कामाचा भाग बनवून पाहिले. केंब्रिजच्या रुग्णालयात मार्च-एप्रिल २०२० मध्ये २९९ रुग्णांचे जनुकक्रम आणि त्यांच्या हालचालींची माहिती एकत्र ठेवण्यात आली. त्यातून एकसारख्या विषाणूंचे ३५ समूह आणि त्यात १५९ रुग्ण आढळले. यातील डायलिसिसच्या काही रुग्णांचे वॉर्ड समान नव्हते, तर त्यांना ने-आण करणारे वाहन समान होते. खाटांमधील अंतर मोजणाऱ्या कोणाच्याही लक्षात ही गोष्ट सहजी आली नसती.

तथापि, यंत्र आले म्हणजे संसर्ग थांबला, असे समजण्याचे कारण नाही. ब्रिटनमधीलच १४ रुग्णालयांत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जनुकक्रम वाचल्यामुळे रुग्णालयांतर्गत संसर्ग घटल्याचे दाखविता आले नाही. अहवाल पाच दिवसांच्या आत हाती आला, तर मात्र संसर्ग नियंत्रण पथकाच्या निर्णयांवर त्याचा परिणाम अधिक दिसला. उशिरा आलेला अहवाल शोधनिबंधाला उपयोगी पडतो, वॉर्डातील रुग्णाला नाही.

आता आपल्याकडे पाहू. भारतात डिसेंबर २०२० मध्ये ‘इन्साकॉग’ ही प्रयोगशाळांची साखळी उभी राहिली, पुण्यातील राष्ट्रीय विषाणू संस्था तिचा भाग झाली आणि मुंबई महापालिकेच्या कस्तुरबा रुग्णालयात ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतंत्र प्रयोगशाळा सुरू झाली. म्हणजे यंत्रांचा दुष्काळ आता राहिलेला नाही. पण या सर्वांना विचारला गेलेला प्रश्न एकच होता : देशात, राज्यात, शहरात कोणता नवा प्रकार फिरतो आहे? हा प्रश्न महत्त्वाचा होताच. मात्र ‘अमुक वॉर्डात सहा जणांना लागण झाली, ती कोठून?’ हा प्रश्न या प्रयोगशाळांकडे नित्यनेमाने जावा, अशी रचना झाली नाही. शेकडो नमुने साठल्यावर एकदम चालविण्याची पद्धत शहराच्या पाहणीला परवडते. वॉर्डाला ती परवडत नाही.

एप्रिल २०२० मध्ये मुंबईतील काही खासगी रुग्णालये कर्मचाऱ्यांनाच लागण झाल्याने बंद करावी लागली होती, हे वाचकांना आठवत असेल. त्या वेळी परिचारिकांनी रुग्णांना संसर्ग दिला की रुग्णांनी परिचारिकांना, यावर बरेच बोलले गेले. वसतिगृहात एका खोलीत चौघी-पाच जणी राहणाऱ्या परिचारिकांना ते ऐकून घ्यावे लागले. अशा वादात जनुकक्रमाने कोणाची बाजू घेतली असती हे सांगता येत नाही, परंतु ‘हिच्यामुळे झाले’ हे वाक्य उच्चारणे त्यामुळे अवघड नक्कीच झाले असते.

येथे एक व्यावहारिक अडचण आहे आणि ती प्रयोगशाळेतील नाही. जनुकक्रमाला अर्थ येतो तो खाटांच्या नोंदीमुळे. कोणता रुग्ण कोणत्या दिवशी कोणत्या खाटेवर होता, त्याला कोणी हलविले, कोणत्या पाळीला कोण होते, ही माहिती आपल्या सार्वजनिक रुग्णालयांत अजूनही बऱ्याच अंशी कागदी रजिस्टरात असते. जमिनीवर गादी घालून झोपलेल्या रुग्णाची तर खाटच नसते. कंत्राटी सफाई कामगार, आया, वॉर्डबॉय तीन-तीन वॉर्डांत फिरतात. रुग्णासोबत रात्रंदिवस राहणारे नातेवाईक तर कोणत्याच नोंदीत नसतात. डर्बनच्या तपासात निम्मे काम यंत्राने केले असेल, तर उरलेले निम्मे या कागदपत्रांनी केले.

आणि मग रुग्णालयाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न. संसर्ग आमच्याच वॉर्डात झाला, हे सांगणारा अहवाल कोणते खासगी रुग्णालय स्वखुशीने मागवील? नुकसानभरपाईचा दावा, वृत्तपत्रांतील मथळे आणि नातेवाइकांचा संताप या तिन्हींची धास्ती असताना तपासणी न करणे हेच शहाणपणाचे ठरते. डर्बनचा अहवाल मे २०२० मध्ये सर्वांसमोर आला. त्यात रुग्णांना आणि परिचारिकांना नावे नाहीत, केवळ क्रमांक आहेत. कोणता क्रमांक कोठून कोठे गेला, कोणत्या दिवशी गेला, एवढेच त्यात लिहिलेले आहे. आपल्याकडे असा अहवाल तयार झालाच, तर तो मागण्याचा अधिकार त्या वॉर्डात आप्त गमावलेल्या कुटुंबाला असेल की नाही, हे कोणत्याही नियमावलीत स्पष्टपणे लिहिले जायला हवे. ते काम प्रयोगशाळांचे नाही. महापालिका आणि राज्याच्या आरोग्य खात्याचे आहे, आणि त्यासाठी नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही.