भाकरीची पूजा, शेताची राखण

श्रावण सरत आला की गोमंतकातील शेते पोटरीस येतात आणि दोन धर्मांची माणसे एकाच कणसाकडे हात पुढे करतात. ५ ऑगस्टला राय गावात आणि २१ ऑगस्टला ताळगावात आमच्या ख्रिस्ती बांधवांचे कणसांचे फेस्त होते. नव्या कणसांची कापणी होते, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात आणि ती चर्चमध्ये वेदीपाशी नेली जातात. पुढे चतुर्थी येते आणि नव्याच्या पंचमीला हिंदूंच्या घरी तीच कणसे देवापुढे ठेवून दारावर बांधली जातात. सोळाव्या शतकातील धर्मांतराचा इतिहास कटू आहे. तो विसरावा असे आम्ही म्हणणार नाही. तथापि त्या उलथापालथीत देऊळ गेले, नाव बदलले, तरी धर्म बदललेल्या गावकऱ्याने नव्या कणसाचा मान सोडला नाही, ही गोष्टही त्याच इतिहासाची आहे.

या फेस्तांच्या पाठोपाठ, १ सप्टेंबरपासून ४ ऑक्टोबरपर्यंत, ख्रिस्ती जगात 'सृष्टीकाळ' पाळला जातो. १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून १९८९ मध्ये ऑर्थोडॉक्स पंथाचे कुलगुरू पहिले दिमित्रिओस यांनी जाहीर केला; २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो कॅथलिक पंथासही लागू केला. त्याच वर्षी त्यांनी 'लाउदातो सी' हे परिपत्रक काढले आणि वसुंधरेची जपणूक हे श्रद्धेचेच अंग असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. ४ ऑक्टोबर हा आसिसीच्या संत फ्रान्सिसांचा दिवस. हे 'गोंयचो सायब' म्हणून परिचित असलेले झेवियर नव्हेत. सूर्याला बंधू आणि पृथ्वीला भगिनी व माता मानणारे तेराव्या शतकातील हे इटालियन विरक्त होत. एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस निवर्तले. परंतु त्यांचे उत्तराधिकारी पोप लिओ चौदावे यांच्या कारकिर्दीत, त्याच वर्षीच्या जुलैत, सृष्टीच्या जपणुकीसाठी खास मिसेची प्रार्थना प्रसिद्ध झाली. हा विषय एका व्यक्तीच्या आवडीपुरता नव्हता, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

आमच्या बहुसंख्य वाचकांना हा दुसऱ्याच्या घरचा विषय वाटेल. झाडे लावण्याचा आणि कचरा वेचण्याचा मिसेशी काय संबंध, असाही प्रश्न पडेल. संबंध आहे, आणि तो अगदी मुळाशी आहे. कॅथलिक उपासनेचा गाभा म्हणजे भाकर आणि द्राक्षरस. वेदीवर ती अर्पण करताना धर्मगुरू ज्या प्रार्थना म्हणतात त्यांत ती भाकर भूमीतून आणि माणसाच्या कष्टातून आली आहे, याचा स्पष्ट उच्चार असतो. पुढे तीच भाकर ख्रिस्ताचे शरीर होते अशी त्यांची श्रद्धा आहे. म्हणूनच तिची गुडघे टेकून आराधना होते, कॉर्पुस क्रिस्तीच्या सणाला किरणाकृती पात्रात ठेवून छत्राखाली तिची मिरवणूक निघते. अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या आणि ताटातले शीत सांडले तर कपाळाला लावणाऱ्या समाजाला ही भावना समजणे अवघड जाऊ नये. दोन्ही श्रद्धा एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही; पण पवित्र अन्नापुढे मान लववण्याची सवय दोघांनाही आहे.

प्रश्न त्यापुढचा आहे. ज्या भाकरीपुढे मान लवते ती ज्या मातीतून येते, त्या मातीचे काय? मिसेतील भाकर केवळ गव्हाचीच असावी असा त्यांचा दंडक आहे, आणि गोव्यात गहू पिकत नाही. म्हणजे वेदीवरची भाकर परगावच्या धान्याची. आता कणीसही तसेच होणार की काय, ही आमची खरी चिंता आहे. किती गावांत आज नव्याच्या पंचमीचे कणीस स्वतःच्या शेतातून येते आणि किती घरांत ते बाजारातून विकत आणले जाते, हे ज्याने त्याने आपल्याच दाराकडे पाहून ठरवावे.

खाजन शेती हे गोमंतकीय शहाणपणाचे एक श्रेष्ठ उदाहरण आहे. खाडीचे खारे पाणी थोपविणारे मातीचे बांध आणि त्यांत बसविलेली मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी, एवढीच तिची यंत्रणा. भरतीचे पाणी दारे ढकलून बंद करते. ओहोटीला शेतातल्या पाण्याच्या दाबाने ती उघडतात. वीज नाही, यंत्र नाही. पण बांध सतत राखावे लागतात. हे काम पूर्वी गावकारी करी. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले, ते न्याय्यच होते. परंतु बांध राखण्याची सामुदायिक शिस्त त्यानंतर सैल पडत गेली. मासळीच्या लोभाने मानशीची दारे नको तेव्हा उघडी राहू लागली, खारे पाणी शेतात शिरले, शेत पडीक झाले. आणि पडीक शेताला गिऱ्हाईक सापडायला वेळ लागत नाही. शेतजमिनीच्या विक्रीवर बंधन घालणारा कायदा २०२३ मध्ये झाला हे खरे; पण त्याच वर्षी नगरनियोजन कायद्यात १७(२) आणि पुढच्या वर्षी ३९-अ ही कलमे घालून जमिनीचे विभाग बदलण्याच्या वाटाही काढण्यात आल्या. एका हाताने कुंपण घालायचे आणि दुसऱ्या हाताने फाटक उघडायचे, याला धोरण म्हणत नाहीत.

अशा वेळी चर्च बोलते तेव्हा त्यात राजकारण शोधणारे आमच्यात काही आहेत. २०२० मध्ये मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या प्रकल्पांविरुद्ध लोक उठले, नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या रात्री चांदरला रेल्वेमार्गावर जमले, तेव्हाही हा आक्षेप घेतला गेला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांपैकी रेल्वे दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द केली. जंगलाचा प्रश्न खराच होता, तो कोणी उपस्थित केला हे गौण होते. आणि चर्चचाच आवाज मोठा ऐकू येत असेल, तर त्याचे एक कारण आमचे मौन हे आहे. आमच्या किती देवस्थानांनी देवराईच्या पलीकडच्या शेतासाठी ठराव केला आहे?

अर्थात चर्चलाही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. रोप लावून छायाचित्र काढणे सोपे, ते तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत जगविणे कठीण. चर्चकडे जमिनी आहेत, देवस्थानांकडेही आहेत. प्रवचन या जमिनींपासून सुरू व्हावे. फिर्गजेने आणि महाजनांनी आपल्या ताब्यातले एकही शेत पडीक ठेवणार नाही, ते बांधकामासाठी देणार नाही, असे जाहीर करावे. पावसापूर्वी गावच्या बांधाची पाहणी पाद्री, पुरोहित आणि कुळांनी मिळून करावी. शेजारचे शेत एकाच बांधाने वाचते किंवा एकाच भगदाडाने बुडते. खारे पाणी मालकाचा धर्म विचारून आत शिरत नाही.

भाकरीची पूजा ज्याला मनापासून करायची आहे त्याने शेत राखले पाहिजे, आणि हे कर्तव्य वेदीपुढे जितके आहे तितकेच देव्हाऱ्यापुढेही आहे. पुढच्या पंचमीला दारावर बांधायचे कणीस आपल्या गावच्या मातीचे असावे, एवढा संकल्प दोन्ही बाजूंनी झाला तरी या सणांचे सार्थक होईल.