ब्रेकर लागण्याआधी भिंतीची नोंद हवी

मुंबई आणि पुण्याच्या जुन्या वस्त्यांत पुनर्विकासाचा प्लॉट आणि शेजारची इमारत यांच्यात कित्येकदा दहा फुटांचेही अंतर नसते. जुनी इमारत पाडली जाते, बेसमेंटसाठी खोदाई सुरू होते, काळा पाषाण लागतो आणि ब्रेकर येतो. पुढचे काही महिने शेजारच्या घरातली भांडी थरथरतात. मग कधीतरी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग कोणाच्या तरी लक्षात येते. सोसायटी विकासकाला पत्र लिहिते. ‘इमारत जुनीच आहे, भेग आधीपासूनची असेल’, असे उत्तर येते. हे उत्तर खरेही असू शकते आणि खोटेही. ते ठरवण्याचे कोणतेही साधन शेजाऱ्याच्या हाती नसते, हा खरा अन्याय आहे. म्हणून खोदाईची परवानगी देतानाच तीन अटी घालायला हव्यात: आजूबाजूच्या इमारतींच्या आजच्या स्थितीची नोंद, काम चालू असताना कंपनाचे मोजमाप, आणि मर्यादा ओलांडली की काम थांबवणे. त्यांचा खर्चही खोदणाऱ्यानेच करायला हवा.

आधी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. जाणवणारे प्रत्येक कंपन भिंत फोडत नाही. जमिनीचा कण किती वेगाने हलतो, त्यावरून कंपन मोजतात आणि हा वेग सेकंदाला मिलिमीटरमध्ये सांगतात. शांत बसलेल्या माणसाला 0.3 मिलिमीटरच्या आसपासचे कंपनही कळते. जर्मनीच्या डीआयएन 4150 या मानकात मात्र राहत्या घरांसाठी कमी वारंवारतेच्या कंपनाची मर्यादा 5 मिलिमीटर आणि नाजूक वारसा इमारतींसाठी 3 मिलिमीटर आहे. माणसाला जाणवणे आणि भिंतीला धोका पोहोचणे यांत असे दहा-पंधरा पटींचे अंतर आहे. त्यात ऊन, पाऊस आणि दमटपणा यांमुळेही गिलावा वर्षभर ताणला-आक्रसला जातो. तेव्हा खोदाईच्या काळात दिसलेली प्रत्येक भेग ब्रेकरच्या माथी मारता येत नाही, हा विकासकांचा युक्तिवाद शास्त्राला धरून आहे.

पण हेच शास्त्र पुढे काय सांगते, तेही ऐकले पाहिजे. अमेरिकेच्या फेडरल ट्रान्झिट प्रशासनाच्या मार्गदर्शिकेत यंत्रवार आकडे दिलेले आहेत. 25 फुटांवर ब्रेकरचे कंपन सुमारे 2.3 मिलिमीटर धरले आहे, म्हणजे घरासाठी सुरक्षित. त्याच मार्गदर्शिकेच्या सूत्राने हे अंतर 10 फुटांवर आणले की आकडा 9 च्या आसपास जातो. मोकळ्या जागेत निर्धास्तपणे वापरता येणारे यंत्र आपल्या गल्लीत धोक्याचे ठरते, ते असे. याहून महत्त्वाची तुलना पाइलिंगची आहे. 25 फुटांवर पाइल ठोकून बसवताना साधारण 16 मिलिमीटर, तर जमिनीत भोक पाडून तो जागेवर ओतताना 2.3 मिलिमीटर. पाया तोच, भारही तोच, पण शेजाऱ्याला बसणारा हादरा सातपट कमी. कोणती पद्धत वापरायची हे कंत्राटदार ठरवतो. कंपन काही दैवी आपत्ती नाही. ते पद्धतीच्या आणि अंतराच्या निवडीतून येते, आणि निवड करणाऱ्यावर जबाबदारी टाकता येते.

शिवाय धोका केवळ थरथरीचा नसतो. मुंबईचा मोठा भाग भरावावर उभा आहे. सैल भराव आणि वाळू सततच्या कंपनाने दबून बसतात. खड्ड्यातले पाणी उपसले की शेजारच्या पायाखालची पाण्याची पातळी उतरते आणि माती खचू शकते. सगळा पाया सारखा खचला तर इमारत तग धरते. एक कोपरा जास्त खचला की भिंत चिरते. जर्मनीत कोलोन शहराचे ऐतिहासिक अभिलेखागार 3 मार्च 2009 रोजी कोसळले आणि दोन माणसे दगावली. तिथे कारण कंपन नव्हते. शेजारच्या भुयारी रेल्वेच्या खड्ड्यात माती आणि पाणी शिरले होते. म्हणून कंपनमापकाबरोबर इमारतीच्या खचण्याचे आणि कलण्याचे मोजमापही हवे. एकच आकडा दाखवून ‘सगळे मर्यादेत आहे’ म्हणणे पुरेसे नाही.

मुंबईत हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेलेला आहे. फोर्टमधली जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटची इमारत 1898 ची. 2017 मध्ये तिच्या सजावटीचा दगडी भाग कोसळल्यावर संस्थेने मेट्रो 3 च्या कामाविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि लगतचे काम काही काळ थांबले. नामांकित संस्थेला वकील मिळतात, तज्ज्ञ मिळतात. गिरगावातल्या उपकरप्राप्त चाळीतल्या भाडेकरूने किंवा कसब्यातल्या, सागवानी खांबांवर उभ्या असलेल्या वाड्यातल्या कुटुंबाने काय करावे? कायद्याचा आधार तोकडा आहे. गोंगाटासाठी 2000 पासून देशभर नियम आहेत. खाणींतल्या सुरुंगांसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाचे 1997 चे परिपत्रक आहे आणि त्यात घरांची मर्यादा वारंवारतेनुसार ठरवलेली आहे. खाणीजवळच्या गावातल्या घराला जे संरक्षण आहे, ते शहरातल्या ब्रेकरशेजारच्या घराला तेवढ्याच स्पष्टपणे मिळत नाही. 1882 च्या सुखाधिकार कायद्यात जमिनीला शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क मान्य केला आहे, पण तो जमिनीच्या नैसर्गिक स्थितीपुरता. इमारतीच्या आधाराचा हक्क वीस वर्षांच्या अखंड उपभोगाने सिद्ध करावा लागतो. अशा दाव्यात भेग नवी की जुनी हेच ठरवता आले नाही, तर हक्क कागदावरच राहतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 1996 च्या पार्टी वॉल कायद्यानुसार शेजारच्या इमारतीपासून तीन मीटरच्या आत तिच्या पायापेक्षा खोल खणायचे असेल, तर शेजाऱ्याला आधी नोटीस द्यावी लागते, आणि काम सुरू होण्यापूर्वी त्याच्या घराच्या स्थितीची नोंद करण्याची तिथे रीतच पडली आहे. आपल्याकडे असे काही सुचवले की पहिला आक्षेप येतो खर्चाचा आणि विलंबाचा: घरांची एवढी निकड असताना आणखी एक अडथळा कशाला? निकड खरी आहे. मोडकळीला आलेल्या इमारती पडून माणसे मरतात, आणि पुनर्विकास थांबावा असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण दहा-वीस घरांची छायाचित्रे, जुन्या भेगांवर लावलेल्या काचेच्या पट्ट्या आणि तीन-चार कंपनमापक यांचा खर्च बेसमेंटसह बांधलेल्या टॉवरच्या खर्चापुढे नगण्य आहे. आणि ही नोंद विकासकालाही वाचवते, कारण खोट्या दाव्यांना तीच सर्वांत पक्के उत्तर देते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: विकासकाने नेमलेला सल्लागार विकासकाच्याच बाजूचा अहवाल देईल. म्हणून सल्लागार महापालिकेच्या यादीतून नेमावा, पैसे विकासकाने भरावेत, आणि रोजचे आकडे शेजारच्या सोसायटीलाही त्याच दिवशी मिळावेत. बांधकाम सुरू करण्याचा दाखला (सीसी) देताना या अटी घालणे महापालिकेला अवघड नाही.

तोवर शेजाऱ्यांनी वाट पाहू नये. बाजूच्या प्लॉटवर पत्रे उभे राहिले की त्याच आठवड्यात प्रत्येक खोलीच्या भिंतींची, छताची आणि जिन्याची तारखेसह छायाचित्रे काढा. प्रत्येक जुन्या भेगेशेजारी मोजपट्टी धरा, भेगेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. ही छायाचित्रे पत्रासोबत विकासकाकडे आणि वॉर्ड ऑफिसात द्या, आणि दोन्हीकडून पोच घ्या.