घोडनवरी, झाशीची राणी आणि माझी भाची

लग्नाचं वय उलटलेल्या मुलीला आपल्याकडे ‘घोडनवरी’ म्हणतात. मनासारखं हुंदडणाऱ्या मुलीला ‘एवढी मोठी घोडी झालीस तरी अक्कल नाही’ असं ऐकावं लागतं. वरातीत घोड्यावर बसतो तो नवरा. शाळेच्या स्नेहसंमेलनात मात्र दरवर्षी एका मुलीच्या पाठीला बाहुला बांधून तिला झाशीची राणी करतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. एकीकडे शिवी, दुसरीकडे पुतळा. या दोहोंच्या मधे रोजच्या कामाला, पगाराला जागाच नाही, हे मला माझ्या भाचीमुळे कळलं.

बारावीत असताना ती म्हणाली, “मावशी, मला घोड्यांबरोबर काम करायचंय.” आम्ही वसईच्या. घोडा आमच्या भागाला नवा नाही. खाडीपलीकडच्या घोडबंदरचं नावच मुळी पोर्तुगीज काळातल्या घोड्यांच्या व्यापारावरून पडलं असं सांगतात. कळंबच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारे घोडे ती लहानपणापासून बघत आली आहे. माझी बहीण शिवणकामावर घर चालवते. तिच्या डोक्यात नर्सिंग होतं, ती चिडली. आणि मी? ‘कुठलंही काम पुरुषी नसतं’ असं वीस वर्षं मेळाव्यांतून सांगणारी मी पटकन बोलून गेले, “अगं, ते पुरुषांचं काम. घोड्यानं लाथ मारली तर?”

ती म्हणाली, “लाथ मारताना तो बाई की पुरुष बघतो का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आम्ही दोघी चौकशीला निघालो. घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका ठिकाणी गेलो. तिथले गृहस्थ अगदी अगत्यानं बोलले. “शिकायला या की! मुली खूप येतात.” फीचा आकडा ऐकून मी मनातल्या मनात बहिणीनं शिवलेले ब्लाऊज मोजू लागले. मग भाचीनं विचारलं, “आणि कामाला ठेवाल?” ते हसले. “बाईमाणसाला तबेल्यात कसं ठेवणार? पहाटे चारला खरारा, लीद काढणं, चंदी घालणं. पोरं तिथंच झोपतात. संडासही एकच आहे.”

म्हणजे फी भरून घोड्यावर बसणारी मुलगी चालते, पगार घेऊन खरारा करणारी चालत नाही. अडचण ताकदीची नाहीच. ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत स्त्रिया आणि पुरुष एकमेकांविरुद्धच उतरतात. ड्रेसाजमध्ये तर 1952 पासून. 2023 च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत भारताला घोडेस्वारीत 41 वर्षांनी सुवर्णपदक मिळालं. त्या चौघांच्या संघात सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंग या दोन मुली होत्या. त्यांचं कौतुक आहेच. पण हा खेळ महागडा आहे, आणि पदकांच्या बातम्यांनी तबेल्यातला संडास बांधला जात नाही.

मग भाचीला आम्ही काय सांगितलं? एक, वाट लांबची असली तरी पशुवैद्यकीची पदवी घे. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 सालचं आहे. बारावीला जीवशास्त्र हवं, नीटची परीक्षा द्यावी लागते, आणि अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यातलं शेवटचं वर्ष प्रत्यक्ष कामाचं. तिथे नुसता घोडा नाही, गाय-म्हैस, कुत्रा, कोंबडी सगळं शिकावं लागतं. तेच बरं. एका जनावरावर पोट बांधून ठेवणं धोक्याचं असतं. 2015 साली उच्च न्यायालयानं मुंबईतल्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या, तेव्हा घोडेवाल्यांच्या कुटुंबांची काय अवस्था झाली असेल, याचा विचार करा.

दुसरं, घोड्याचं काम म्हणजे शर्यती आणि किनाराच नव्हे. सापाच्या विषावरचं औषध घोड्याच्या रक्तातून तयार होतं. घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा वरचेवर टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात, तीच वेगळी काढतात. आपल्या पालघर जिल्ह्यात भातलावणीला, गवत कापायला वाकलेल्या आदिवासी बायांचे जीव त्यावर वाचतात. त्या घोड्यांची देखभाल करायलाही माणसं लागतात. त्यांत आपल्या मुली का नसाव्यात?

वाट अडवणारे पूर्वीही होते. आयर्लंडच्या एलीन कस्ट यांनी 1900 साली पशुवैद्यकीचं शिक्षण पुरं केलं. बाई म्हणून त्यांना मान्यता नाकारली, ती मिळाली 1922 साली. मधल्या काळात त्या घोड्यागुरांवर उपचार करतच राहिल्या. मान्यता मिळेपर्यंत बाईनं कमी पैशात, बिननावानं राबत राहायचं, ही रीत आपल्याला नवी नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की ‘मुलींनो, धाडसी व्हा’ एवढंच सांगून आपण थांबू नये. धाडस त्यांच्याकडे आहे. आपण मागायचं ते वेगळंच आहे : वेगळा संडास, कपडे बदलायला खोली, पहाटे सुरक्षित येण्याजाण्याची सोय, लाथ बसली तर विमा, आणि महिन्याच्या महिन्याला पगार. तिथंच झोपणाऱ्या त्या पोरांनाही हे कुठे मिळतं? बायका आल्या म्हणून ते काम सगळ्यांसाठीच माणसासारखं झालं तर वाईट काय? लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा शिकाऊ आणि बिनपगारी काम करणाऱ्या मुलींनाही लागू आहे. दहापेक्षा कमी कामगार असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. तबेल्यात पाय टाकणाऱ्या प्रत्येक मुलीला हे आधी माहीत हवं.

भाचीला पहिल्या खेपेला नीटमध्ये मार्क कमी पडले. आता ती पुन्हा बसते आहे. बहीण अजून कुरकुरते, पण रात्री शिवणयंत्र बंद ठेवते, पोरीला अभ्यास करता यावा म्हणून.

मैत्रिणींनो, तुमच्या भागात तबेल्यात, पशुदवाखान्यात, टांग्यावर काम करणारी कोणी बाई असेल तर तिला तिचा अनुभव आपल्या अंकासाठी लिहायला सांगा. लिहिता येत नसेल तर तुम्ही ऐकून लिहा. आमच्या पोरीला तो वाचायचा आहे.